रेटिंगभाऊ

चार तास तोंड शिवून बसलेल्या माणसाच्या शेजारी एस.टी.त बसू नये. रविवारी संध्याकाळी यवतमाळहून पांढरकवड्याला येणाऱ्या गाडीतल्या नेहमीच्या प्रवाशांना हे पाठ आहे. रेटिंगभाऊ गाडीत चढले की खिडकीशी बसलेला माणूस लगेच डोळे मिटून घेतो. त्याचा काही उपयोग होत नाही. समोरचा डोळे मिटून बसला म्हणजे तो विचार करतोय, असंच बुद्धिबळ खेळणाऱ्याला वाटतं. जोडमोहा येईपर्यंत पहिल्या बारा चाली झालेल्या असतात.

पांढरकवडा हे तालुक्याचं गाव, पण तालुक्याचं नाव केळापूर. त्यामुळे आम्हा गावकऱ्यांना परक्या माणसाला कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायची सवय असते. रेटिंगभाऊंचं दोनदा सांगूनही भागत नाही. त्यांना जे सांगायचं असतं ते असं की, बुद्धिबळाची स्पर्धा म्हणजे बसून खेळायचा खेळ नव्हे, तो जिवावरचा प्रसंग आहे. आणि ऐकणाऱ्याला एवढंच विचारायचं असतं, ‘जिंकले का जी?’

त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. मृगापासून पोळ्यापर्यंत ते माणसांत असतात, कारण तेव्हा गिऱ्हाईक सोडत नाही. कापूस घरात यायला लागला की नागपूर, अमरावती, चंद्रपूर, आदिलाबाद, जिथे कुठे स्पर्धा असेल तिथे निघतात. पाठीवर पिशवी, पिशवीत थर्मास, खिशात दोन पेनं. दुसरं पेन कशाला, असं विचारायची सोय नाही. ‘घड्याळात दोन मिनिटं राह्यली आन् पेन थांबला तं?’ हे उत्तर ते अशा आवाजात देतात, की ऐकणाऱ्यानं आपलाही खिसा चाचपून पाहावा.

एवढं बोलणारा माणूस खेळताना गप्प कसा बसतो, हे गावाला कोडं होतं. तिथे नियमच तसा आहे. बरोबरीचा प्रस्ताव, सोंगटी घरात सरळ करताना ‘अ‍ॅडजस्ट’ आणि पंचाकडे तक्रार, यापलीकडे पटावर बोलायला बंदी. अर्ध्या लिटरच्या औषधाच्या बाटलीवर पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला चार-चार तास फक्त ‘अ‍ॅडजस्ट’वर काढावे लागतात. ते साठतं, आणि गाडीत बाहेर पडतं.

एकदा त्यांचा साळा हौसेनं सोबत गेला. भाऊजी एवढं सांगतात ते एकदा डोळ्यांनी पाहावं, हा हेतू. परत आल्यावर चहाच्या टपरीवर त्यानं जो अहवाल दिला तो गावात अजून सांगतात. ‘काहीच होऊन नाही राह्यलं न बाप्पा. भाऊजी डोक्याले हात लावून बसले. समोरचाबी बसला. भाऊजीनं दोनदा पाणी पेलं. एकदा बाथरूमले गेले. तिथून आले तं समोरचा बाथरूमले गेला. मंग भाऊजीनं घड्याळ थांबवलं, हात मिळवला, दोघायनं कागदावर सह्या केल्या. मले वाटलं समझोता झाला.’

समझोता कसला! त्या अर्ध्या मिनिटात भाऊजी मेले होते. हरलेल्या माणसानं आपण होऊन हात पुढे करायचा, समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि त्याच हातानं आपल्या पराभवाच्या कागदावर सही करायची. कुस्तीत निदान पाठ दुसरा लावतो. इथे सगळं स्वतःच करायचं, तेही आवाज न करता, कारण शेजारच्या पटावर अजून खेळ चालू असतो. हे रेटिंगभाऊ सांगतात तेव्हा मला खरोखर पटतं. पण ते तिथे थांबत नाहीत. लगेच अठराव्या चालीवर जातात आणि पटलेलं निसटतं.

हा खेळ अंगमेहनतीचा आहे, हे सिद्ध करायला त्यांनी कार्पोव्ह हाताशी ठेवला आहे. सप्टेंबर १९८४ ला मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह जगज्जेतेपदासाठी बसले. जो आधी सहा डाव जिंकेल तो जिंकला, अशी अट. पाच महिने खेळले. ४८ डाव झाले, त्यांतले ४० बरोबरीत सुटले. फेब्रुवारी १९८५ मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनीच निकालाविना सामना थांबवला. ‘कार्पोव्ह दहा किलोनं उतरला म्हणतात. बसल्या बसल्या!’ रेटिंगभाऊ टेबलावर थाप मारतात. त्यावर वहिनींनी त्यांच्या शर्टाच्या चौथ्या गुंडीकडे पाहून विचारलं होतं, ‘मंग तुम्ही वीस वर्षांपासून काय खेळून राह्यले?’ तेव्हापासून हा दाखला घरात देत नाहीत, दुकानातच देतात.

दुकानातही त्यांच्या बुद्धिबळाचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. डावाची प्रत्येक चाल लिहून घ्यावी लागते, तशी सवयच लागली आहे. सुचेल ती चाल बिलबुकाच्या मागे लिहून ठेवतात. ऐन जुलैत पाटणबोरीकडचा एक शेतकरी खत घ्यायला आला. काउंटरवर पडलेला कागद त्यानं उचलला. त्यावर ‘एनएफ ३, बीबी ५, सी ४’ असं काहीसं होतं. आयुष्यभर १०:२६:२६ आणि १८:४६ वाचलेला माणूस. त्यानं शांतपणे विचारलं, ‘हे नवीन आलं का जी? कपाशीले चालते?’ दुसरा कोणी दुकानदार हसला असता. रेटिंगभाऊंनी स्टूल पुढे ओढलं आणि घोडा तिसऱ्या रांगेत का आणतात ते सांगायला घेतलं. शेतकऱ्यानं मान डोलावून सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, ‘मंग डीएपीच द्या.’

त्यांच्या बोलण्याचा खरा विजय एकदाच झाला आणि तोही दुसऱ्यानंच केला. टपरीवर ते नागपूरच्या एका डावाचा शेवट सांगत होते. पटावर मोहरी थोडी उरलेली. यांची स्थिती भक्कम, पण चाल यांची. राजा हलवला तर प्यादं जातं, प्यादं हलवलं तर राजा उघडा पडतो. काहीच केलं नाही तर डाव शाबूत, पण काहीच न करायची मुभा नाही. पाळी आली की चाल करावीच लागते आणि शेजारी घड्याळ पळत असतं. सगळे चहात पाहत होते. कोपऱ्यातला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, ‘मंजे कापूस घरात हाय. इकला तं दुसऱ्या दिवशी भाव वाढते. ठेवला तं पडते. आन् सोसायटीचं कर्ज भराची तारीख जवळ आली.’

टपरी एकदम जागी झाली. सगळ्यांना कळलं. घड्याळ कळलं, राजा कळला, हात का थरथरतो ते कळलं. रेटिंगभाऊंचा चेहरा उजळला. वीस वर्षांत पहिल्यांदा दहा-बारा माणसं त्यांच्या पटाभोवती उभी होती. तेवढ्यात एकानं विचारलं, ‘यंदा सीसीआय कापूस किती ओलीपर्यंत घेऊन राह्यली?’ दुसरा म्हणाला, बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत. तिसऱ्याची गाडी परत आलेलीच होती. पुढचा अर्धा तास खरेदी, ओल, मापाडी आणि ग्रेडर. रेटिंगभाऊंचा राजा तिथेच उभा राहिला, चाल त्यांचीच. घरी जाताना मला म्हणाले, ‘म्हाताऱ्यानं माह्यावाला सगळा डाव एका दमात सांगून टाकला. चाली तं सांगूच देल्या नाही!’

न खेळणारे परवडले. रेटिंगभाऊंना खरा त्रास होतो तो ‘आम्हीबी लहानपणी लय खेळलो’ म्हणणाऱ्यांचा. हा माणूस चार चालींत मात करायची एकच युक्ती शिकलेला असतो, ती त्यानं आपल्या आतेभावावर १९८८ मध्ये चालवलेली असते आणि तेव्हापासून तो अपराजित असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती चाली पुढचं दिसते तुमाले?’ दुसरा प्रश्न: ‘कॉम्प्युटरले हरवसान का?’

याच जातीचे पण वरच्या दर्जाचे एक आजोबा आहेत. ते पारावर देशी पद्धतीनं खेळतात. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, हे त्यांना मान्य नाही. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं, हवा तो वजीर मिळत नाही. ‘घोड्याच्या घरात शिरला आन् वजीर झाला? असं कुठं असते?’ असा त्यांचा सवाल. रेटिंगभाऊ त्यांच्यापुढे नरम असतात. कारण देशी नियमांवर वाढलेला पंजाबातला सुलतान खान १९२९ मध्ये विलायतेत गेला, तिथले नियम शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला, हे त्यांना ठाऊक आहे. हे त्यांनी आजोबांना सांगण्याची चूक केली. आता आजोबा प्रत्येक डावानंतर म्हणतात, ‘मी गेलो नाही म्हणून.’

निकाल समजावणं तर त्याहून अवघड. स्पर्धा स्विस पद्धतीची असते. जिंकलात की पुढच्या फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला, बहुधा वरचढ गडी समोर येतो. हरलात की हरलेल्यांशीच गाठ. म्हणजे चांगलं खेळल्याची शिक्षा लगेच पुढच्या फेरीत, आणि शेवटी बहुतेक मंडळी मध्यावरच घुटमळतात. रेटिंगभाऊ नऊ फेऱ्यांत चार गुण घेऊन येतात. त्यांच्या मते यात पराक्रम आहे, कारण तिसऱ्या फेरीत अमुक होता आणि सहाव्या फेरीत तमुक. शेजारचे निवृत्त गुरुजी पानाच्या देठानं हिशेब करतात. ‘नवापैकी चार. चव्वेचाळीस पूर्णांक चार. अर्ध्या टक्क्यानं सेकंड क्लास हुकला.’

एकदा मात्र गावानं त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. खेळाडूंची संख्या विषम होती, जोडी उरली नाही, म्हणून त्यांना एका फेरीत न खेळता एक गुण मिळाला. हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. टपरीनं मान ताठ केली. ‘समोर यायची कोणाची हिंमतच नाही झाली!’ इतका स्वच्छ विजय त्यांनी याआधी कधी आणला नव्हता. तो तसा नाही, हे पटवण्यात त्यांचे दोन चहा गेले, पण लोक ऐकेनात.

आता रेटिंग. गावानं हे नाव दिलं त्याचं कारण ते. फिडे नावाची जागतिक संघटना प्रत्येक खेळाडूला एक आकडा देते. जिंकलं की तो चढतो, हरलं की उतरतो. रेटिंगभाऊंचा बरीच वर्षं ११८७ च्या आसपास होता. लोक रक्तदाब सांगतात तसा ते हा आकडा सांगत. न विचारता, थोडा आवाज उतरवून. १ मार्च २०२४ ला फिडेनं खालच्या रेटिंगचा एकदाच हिशेब सुधारला. २००० च्या खाली जेवढं असेल त्याच्या चाळीस टक्के भर घातली आणि १४०० हा नवा तळ ठरवला. रेटिंगभाऊ ११८७ वर झोपले आणि १५१२ वर उठले. दाढी करण्याआधी ते गुरुजींच्या दारात.

‘सव्वातीनशेनं वाढलो!’

‘कोणाले हरवलं?’

‘कोणाले नाही. सगळ्यायचंच वाढलं.’

गुरुजींनी चष्मा काढला. ‘मंजे वेतन आयोग लागला.’

मग शांतपणे विचारलं, ‘थकबाकी कधीपासून?’

हा आकडा त्यांच्याकडून कोण घेऊन जातं, तेही सांगितलं पाहिजे. घेऊन जातात पोरं. रेटिंगभाऊ हे अगदी तटस्थपणे सांगतात, पण त्या वेळी हातातला चहा थंड होतो. समोर आठ वर्षांचा मुलगा. खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून तो गुडघे दुमडून, खुर्चीतच उकिडवा. बाहेर आई डबा घेऊन उभी. रेटिंगभाऊ पंचवीस मिनिटं विचार करून चाल करतात, तोवर हा पोरगा हॉलमधले सगळे पट पाहून आलेला असतो. येतो, उभ्या उभ्या पाहतो, चाल करतो, घड्याळ दाबतो आणि पुन्हा फिरायला जातो. ‘माह्याशी खेळून राह्यला, का मी त्याच्या रस्त्यात होतो, तेच समजत नव्हतं,’ असं ते म्हणतात. शेवटी यांनी हात पुढे केला. पोरानं आधी आपला हात पँटीला पुसला, मग मिळवला. आणि म्हणाला, ‘काका, कुठं चुकलं ते दाखवू का?’

हरल्याचं दुःख त्यांनी पचवलं. त्या पोराच्या सभ्यपणाचं अजून पचलेलं नाही.

या सगळ्याचा परिणाम माणसावर होतोच. हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला आहे की आठवडी बाजारात ते वांग्याला हात लावत नाहीत. ढिगासमोर हात मागे बांधून उभे राहतात. डावीकडचं, उजवीकडचं, त्यामागचं असं सगळं नजरेनं तपासतात. भाजीवाली म्हणते, ‘घ्या न दादा, हातात घेऊन पाहा.’ दादा दचकून एक पाऊल मागे जातात. तेवढ्यात वहिनी चार वांगी उचलतात, दोन परत टाकतात, एक बदलतात. हे दृश्य त्यांच्यानं बघवत नाही.

मग जुलै २०२५ आला. २८ तारखेला जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हम्पी. वय एकोणीस, आणि त्या विजयासोबत थेट ग्रँडमास्टर किताब, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर, म्हणजे ती घरचीच. दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रात गर्दी. युरिया कोणालाच नको होता. ‘तुम्ही खेळले का तिच्याशी?’ रेटिंगभाऊ खोटं बोलत नाहीत. नाही म्हणाले. गर्दी जरा खचली. एकानं सावरून घेतलं, ‘मंजे तिच्याकडून कधी हारले नाही.’

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा लोकांनी आपण होऊन डावांबद्दल प्रश्न विचारले. अंतिम सामन्यातले तीन डाव बरोबरीत सुटले आणि चौथा, झटपट वेळेचा, दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. ‘तीन डाव बरोबरीत. मंजे तीनदा काहीच नाही झालं?’ त्यावर रेटिंगभाऊ जे बोलले ते चांगलं होतं, असं म्हणायला हवं. ते म्हणाले, बरोबरी म्हणजे दोघांनी एकमेकांच्या सगळ्या वाटा अडवल्या. बेलग्रेडला १९८९ मध्ये दोघं वीस तासांवर खेळले, २६९ चाली झाल्या, तरी बरोबरीच. गर्दीतून आवाज आला, ‘मंग पहिल्याच घंट्यात करून टाकाची न!’

लाट होती तोवर एका शाळेनं मुलांच्या स्पर्धा ठेवल्या आणि पंच म्हणून त्यांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही पेनं लावून गेले. उद्घाटनाला दोन मिनिटं बोला म्हटलं होतं. किती बोलले ते सोडा, पण ते संपले तेव्हा पहिल्या बाकावरची पोरं कार्पोव्हसारखी उतरली होती. दिवसभर मात्र काम चोख केलं. कोणी उंटाला हात लावून घोडा चालवला तर तिथल्या तिथे पकडलं, रडणाऱ्याला पाणी दिलं, भांडणाऱ्यांना वेगळं बसवलं.

संध्याकाळी बक्षीस वाटून सगळे गेले. मी त्यांना न्यायला गेलो तर एक चौथीतली मुलगी त्यांच्या टेबलाशी उभी. दोन वेण्या, हातात चालींचा चुरगळलेला कागद. ‘सर, मी जिंकून राह्यली होती. हत्ती जास्त होता. मंग मी इथं...’ रेटिंगभाऊंनी कागद घेतला. मला वाटलं, आता हा माणूस कृतार्थ होणार. इतक्या वर्षांनी समोर असं कोणी आलं होतं, की ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

‘असंच माह्यावालं मागच्या रविवारी यवतमाळले झालं,’ रेटिंगभाऊ म्हणाले. ‘हत्ती नाही, माह्याजवळ दोन प्यादे जास्त होते...’

‘पण सर, तिनं घोडा इथं टाकला आन् मी पाह्यलंच नाही...’

‘घोडाच! माह्याबी अठराव्या चालीले घोडाच...’

‘आन् मंग माह्या राजाले...’

‘राजा तं माह्यावाला आधीच...’

दोघंही पटावर एकाच वेळी आपापल्या सोंगट्या मांडत होते. एकाच पटावर दोन वेगळे डाव. तिची आई दारात पिशवी घेऊन उभी होती. तिला काही समजत नव्हतं, पण घरी हे रोज ऐकावं लागत असणार, हे तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. शिपाई किल्ल्या वाजवत आला. थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

‘जिंकलं कोण जी? तेवढं सांगा आन् मले कुलूप लावू द्या.’

दोघं एकदम म्हणाले, ‘मी हारलो.’ ‘मी हारली.’

शिपायानं पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘एकाच डावात दोघं कसे हारले?’

रेटिंगभाऊंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

‘बसा,’ ते म्हणाले. ‘सांगतो.’